बासरीचे साधक पन्नालाल घोष

वाद्यांच्या कुळात बासरीइतके साधे वाद्य क्वचितच सापडेल. वीणेला भोपळे लागतात, तबल्याला चामडे आणि शाई लागते, सारंगीला तारांचे मोठे जाळे लागते. बासरीला मात्र वेळूचे एक पेर आणि माणसाचा श्वास एवढेच पुरते. ती गुराख्याच्या कमरेला खोचलेली असते, जत्रेत खेळणी विकणाऱ्याच्या काठीवर दिसते आणि चित्रात पाहावे तर ती श्रीकृष्णाच्या ओठी असते. देवाच्या हाती शोभणाऱ्या या वाद्याला उत्तर हिंदुस्थानी संगीताच्या मैफलीत मात्र फार काळ मानाची जागा मिळाली नव्हती. दक्षिणेत कुंभकोणमचे शरभ शास्त्री यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बासरीला मैफलीचे वाद्य बनविले होते. उत्तरेत ती लोकगीतांच्या, नाटकांच्या आणि नृत्याच्या साथीपुरतीच राहिली. गायकाप्रमाणे तासभर एखाद्या रागाचा विस्तार बासरीवर करता येईल, अशी कल्पनाही फारसे कोणी करीत नसे. ही समजूत ज्यांनी आपल्या श्वासाच्या बळावर खोटी ठरविली, त्या पन्नालाल घोष यांचे हे चरित्र आहे.

पन्नालालांचा जन्म २४ जुलै १९११ रोजी पूर्व बंगालमधील बारिसाल येथे झाला. त्यांचे पाळण्यातील नाव अमलज्योती असे होते. पन्नालाल हे घरातले लाडके नाव, आणि पुढे जगाने तेच उचलले. बारिसाल आज बांगलादेशात आहे. हा सारा मुलूख नद्यांचा, खाड्यांचा आणि नावांचा. तेथे रस्त्यापेक्षा पाण्याची वाटच अधिक जवळची. संध्याकाळी ओहोटीबरोबर नाव सोडून द्यावी आणि नावाड्याने लांब, संथ सुरात भटियाली गावी, हे तेथील नित्याचे दृश्य असे. भटियालीचा एकेक स्वर पाण्यावर दूरवर पसरत जातो. गाणाऱ्याला घाई नसते. लांब स्वराची गोडी कानावर पडायला याहून चांगली शाळा कोणती मिळणार?

घोष यांच्या घरातही संगीत होते. वडील अक्षयकुमार घोष हे सतार वाजवीत आणि संगीताचे पहिले पाठ मुलाला त्यांच्याकडूनच मिळाले. परंतु मुलाचे मन सतारीपेक्षा वेळूच्या नळीकडे ओढ घेत होते. यासंबंधी दोन आख्यायिका सांगतात. नऊ वर्षांचा असताना त्याला नदीच्या पाण्यात वाहत आलेली एक बासरी सापडली, ही पहिली. पुढे दोन वर्षांनी एका साधूने त्याला गाठले आणि संगीतानेच तुझा उद्धार होईल असा आशीर्वाद दिला, ही दुसरी. थोर पुरुषांच्या बालपणाभोवती अशा कथा गुंफल्या जातातच. त्यांची शहानिशा करीत बसण्यात अर्थ नाही. मुलाने लहान वयातच बासरी हाती धरली आणि ती पुन्हा खाली ठेवली नाही, एवढी गोष्ट मात्र खरी.

बासरीबरोबर पन्नालालांना आणखी एक वेड होते, आणि ते ऐकून तुम्हांला नवल वाटेल. ते वेड व्यायामाचे होते. बारिसालच्या आखाड्यात ते नियमाने जात. लाठी फिरवीत, मुष्टियुद्ध खेळत, शरीर कमावीत. त्या काळी बंगालमधील असे आखाडे म्हणजे केवळ व्यायामाच्या जागा नव्हत्या. देशाच्या स्वातंत्र्यासाठी प्राण देण्यास सिद्ध झालेले तरुण तेथे एकत्र येत. पन्नालालही त्यांच्यात मिसळले. इंग्रज सरकारची नजर त्यांच्यावर पडू लागली. तेव्हा गाव सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. १९२६ च्या सुमारास, वयाची पंधरा-सोळा वर्षे पुरी होतात न होतात तोच, ते कलकत्त्यास आले.

एवढ्या मोठ्या शहरात पोट भरायचे कसे? बासरी वाजवून दोन वेळचे अन्न मिळण्याची खात्री नव्हती. येथे आखाड्यातली विद्या कामी आली. एका व्यायामसंस्थेत तरुणांना मुष्टियुद्ध शिकविण्याचे काम त्यांनी पत्करले. अशा रीतीने ज्या हातांनी पुढे मारव्याचे हळुवार स्वर काढले, ते हात प्रथम ठोसे कसे मारावेत हे शिकवीत होते. ही कमाई वाया गेली असे मात्र नाही. बासरी हे फुफ्फुसांचे वाद्य आहे. छाती रुंद, पाठ ताठ आणि दम मोठा असल्यावाचून लांब स्वर टिकत नाही. वर्षानुवर्षे जोर-बैठकांनी कमावलेला दम पन्नालालांना पुढे जन्मभर पुरला.

त्या वेळी बोलपट नुकतेच सुरू झाले होते आणि कलकत्त्यातील न्यू थिएटर्स ही चित्रसंस्था तिच्या संगीतासाठी देशभर प्रसिद्ध होती. तेथील संगीत दिग्दर्शक रायचंद बोराल यांच्या हाताखाली पन्नालालांना काम मिळाले. गाण्यांना सुंदर साथ करणारा तरुण बासरीवादक म्हणून त्यांचे नाव होऊ लागले. कोणीही समाधान मानावे अशी ही स्थिती होती. परंतु पन्नालालांचे कान मोठमोठ्या गवयांचे ख्याल ऐकत होते आणि त्यांच्या मनात एक सल उत्पन्न झाला होता. गवई विलंबित लयीत राग उलगडतो. खर्जापासून आरंभ करून एकेका स्वराला गोंजारीत वर जातो. एका स्वरावरून दुसऱ्यावर असा घसरत येतो की मधली फट दिसू नये. हे सारे आपल्या बासरीतून का निघू नये?

ते निघत नव्हते, याची कारणे बासरीच्या घडणीतच होती. ती नीट समजून घेतली पाहिजेत, म्हणजे पन्नालालांनी काय केले ते कळेल.

पहिली अडचण आवाजाची. नळी जितकी आखूड तितका तिचा स्वर उंच, आणि जितकी लांब तितका खाली, हा निसर्गाचा नियम आहे. तेव्हाच्या प्रचारातील बासऱ्या आखूड असत. त्यांचा आवाज कोवळ्या पोराच्या आवाजासारखा उंच व टोकदार. माळावर तो दूरपर्यंत ऐकू जाई हे खरे. पण दरबारी कानड्यासारख्या धीरगंभीर रागाला तो कसा पेलावा?

दुसरी अडचण याहून बिकट होती. नेहमीच्या बासरीला बोटांसाठी सहा छिद्रे असतात. सहाही बंद करून हलकी फुंक घातली की मंद्र सप्तकातला पंचम निघतो. खालून एकेक बोट उचलत जावे, म्हणजे धैवत आणि निषाद मिळतात आणि तीन छिद्रे उघडी झाली की षड्ज लागतो. मग ऋषभ, गंधार अशी पायरी चढत सर्व छिद्रे उघडली म्हणजे तीव्र मध्यम येतो. शुद्ध मध्यम हवा असल्यास सर्वांत वरचे छिद्र अर्धे झाकावे लागते. येथवर सारे सुरळीत आहे. परंतु मध्यमानंतरचा पंचम हवा असला, तर उघडलेली सहाही छिद्रे एका क्षणात बंद करून फुंक वाढवावी लागते. म्हणजे शेजारी शेजारी असलेल्या दोन स्वरांमध्ये सगळ्या बोटांनी एकदम उडी घ्यायची! गवयाचा गळा मध्यमावरून पंचमावर लीलया घसरत जातो. बासरीत तेथेच दरी पडते. यमन, श्री यांसारख्या रागांत तीव्र मध्यम आणि पंचम यांचे नाते किती जिव्हाळ्याचे असते, हे ज्यांनी ते राग ऐकले आहेत त्यांना सांगावयास नको.

पन्नालालांनी पहिल्या अडचणीवर उपाय शोधण्यास आरंभ केला तो नळीची लांबी वाढवून. धातूच्या व इतर पदार्थांच्या नळ्याही त्यांनी वाजवून पाहिल्या असे सांगतात. परंतु वेळूच्या सुरातील गोडवा कशालाच नव्हता. अखेर सुमारे ३२ इंच लांबीची, म्हणजे वाराला केवळ चार इंच कमी, अशी वेळूची बासरी त्यांनी सिद्ध केली. एवढे लांब, सरळ आणि पातळ कडांचे पेर मिळणे हेच मोठे भाग्याचे काम असते. त्यात छिद्रे कोठे पाडावी याचे गणित नव्याने बसवावे लागते, कारण नळी लांबली की छिद्रांमधील अंतरे वाढतात आणि छिद्रेही मोठी होतात. तप्त सळईने पाडलेले छिद्र केसभर चुकले तरी स्वर चुकतो, आणि पडलेले छिद्र पुन्हा बुजत नाही. पन्नालालांच्या हातून किती वेळू वाया गेले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

दुसऱ्या अडचणीवरचा त्यांचा उपाय तर फारच चतुराईचा होता. सहा छिद्रांच्या खाली, किंचित बाजूला, करंगळीसाठी त्यांनी सातवे छिद्र पाडले. सातही बंद केली की पंचमाच्या लगत खालचा तीव्र मध्यम निघे. आता तीव्र मध्यमावरून पंचमावर जाण्यास सहा बोटांची धावपळ नको. एक करंगळी हळूच उचलली की पुरे. दरीवर जणू लहानसा पूल पडला. करंगळी हे हाताचे सर्वांत दुबळे बोट, आजवर बासरीवादनात तिला काही कामच नव्हते. मोठ्या वाद्यावर अंतर ताणून तिला त्या छिद्रापर्यंत पोहोचविणे आणि तेथे ती वाऱ्याची झुळूकही निसटू न देता टेकविणे, यासाठी किती सराव लागला असेल याची कल्पना करावी.

वाद्य तर तयार झाले. पण ते वाजविणार कसे? आखूड बासरीवर तरबेज असलेल्या माणसाला लांब बासरी हाती दिली, तर प्रथम तिच्यातून नुसता वाराच निघतो. बोटांच्या टोकांनी छिद्रे झाकता येत नाहीत. मधल्या पेरांचा मांसल भाग त्यांवर आडवा टेकवावा लागतो. फुंक अधिक लागते, परंतु जोराची चालत नाही. पन्नालालांना आपल्याच वाद्यापुढे नवशिका होऊन बसावे लागले. तासन् तास, दिवसामागून दिवस त्यांनी रियाज केला. त्यांच्या रियाजाची कीर्ती त्यांच्या वादनाइतकीच पसरली होती.

बासरीवादकाचा रियाज म्हणजे काय, हे ठाऊक नसणाऱ्याला तो मोठा कंटाळवाणा वाटेल. पहाटेची शांत वेळ. मांडी घालून, पाठ ताठ पण खांदे सैल ठेवून वादक बसतो. वाद्य हाती घेतल्याबरोबर राग सुरू करण्याचा मोह त्याला आवरावा लागतो, कारण अद्याप ना ओठ जागे झालेले असतात, ना बोटे, ना स्वतः बासरी. पहाटेच्या गारव्यात बासरीचा सूर तंबोऱ्याच्या खाली उतरलेला असतो. नळीतील हवा उबदार होईल तसतसा तो वर चढतो. म्हणून प्रथम बासरीत हळूहळू श्वास सोडून ती उबवायची. तोवर तंबोऱ्याशी सूर जुळविण्याची घाई करणे व्यर्थ होय. आत्ता जुळलेला सूर घटकाभरात पुन्हा बिघडणार.

मग एकच स्वर धरायचा, षड्ज. पोटापासून भरून घेतलेला श्वास एका रेघेसारखा सोडायचा आणि तो संपेपर्यंत स्वर धरून ठेवायचा. सांगायला सोपे आहे. प्रत्यक्षात स्वराचा आरंभ फुंकेच्या धक्क्याने खरखरतो, मधे तो थरथरतो आणि दम संपत आला की खाली गळतो. हे तीनही दोष आधी कानाला कळावे लागतात, मगच ते ओठांनी सुधारता येतात. वीस वेळा, पन्नास वेळा तोच षड्ज. त्यानंतर वर न जाता खाली उतरायचे: निषाद, धैवत, पंचम. खालच्या स्वरांना रुंद, मऊ, सावकाश फुंक हवी असते. जरा जोर झाला की स्वर फुटून एकदम वरच्या सप्तकात उडी मारतो. जरा कमी पडला की नुसता फुसफुसाट. म्हणूनच मंद्र सप्तकातला रियाज ही बासरीवादकाची खरी परीक्षा असते. खाली ज्याचा स्वर स्थिर झाला, त्याला वरचे स्वर फारसे छळत नाहीत. त्यानंतर पलटे. तेही धिमे, एकेका स्वराला पूर्ण न्याय देत, कारण वेगात लपलेली चूक संथ लयीत उघडी पडते. प्रत्येक बोट छिद्रावर अलगद पडले पाहिजे. आपटले तर टपटप ऐकू येते आणि पुरते टेकले नाही तर हवा निसटून स्वर चिरकतो. मग मींड, म्हणजे बोट छिद्रावरून हळूहळू सरकवीत एका स्वरातून दुसरा उमलविणे. हे सारे झाल्यावर राग! आणि रियाज संपला की नळीत साठलेला दमटपणा कापडाने टिपून, अधूनमधून तेलाचा हात देऊन वाद्य जपून ठेवायचे; नाहीतर वेळूला तडा जायला वेळ लागत नाही.

पन्नालालांच्या परंपरेत मंद्र सप्तकातील या लांब स्वरांना पहिला मान आहे. मंद्र अधिकच खोल हवा असे तेव्हा ते ३२ इंचांहूनही मोठी बासरी हाती घेत.

केवळ स्वतःच्या बळावर शिकणे पुरेसे नाही, हे त्यांनी लवकरच ओळखले. अमृतसरचे नामांकित हार्मोनियमवादक खुशी महंमद खाँ यांच्याकडे त्यांनी पद्धतशीर तालीम घेतली. त्यांच्यानंतर गायनाचार्य गिरिजाशंकर चक्रवर्ती यांच्याकडून त्यांनी विद्या मिळविली. हे दोघेही बासरीवादक नव्हते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. ख्याल शिकवील असा बासरीचा गुरू तेव्हा उत्तरेत शोधून तरी कोठे सापडणार होता? राग इतरांकडून घ्यायचा आणि तो वेळूत कसा उतरवायचा, हे आपले आपण शोधायचे, असा हा दुहेरी अभ्यास होता. १९३८ मध्ये सराईकेला संस्थानच्या नृत्यपथकाबरोबर ते युरोपचा दौरा करून आले.

१९४० साली पन्नालाल मुंबईस आले. त्यांच्या पत्नी पारुल घोष या उत्तम गायिका होत्या आणि पारुलबाईंचे बंधू अनिल विश्वास हे मुंबईच्या चित्रसृष्टीतील मोठे संगीतकार होते. घोष कुटुंब मालाडला राहू लागले. बाँबे टॉकीज ही प्रसिद्ध चित्रसंस्थाही मालाडलाच होती. १९४२ साली प्रदर्शित झालेल्या ‘बसंत’ या चित्रपटाचे संगीतकार म्हणून पन्नालालांचे नाव सर्वतोमुखी झाले. पैसा आला, मान आला. त्यांचे धाकटे बंधू निखिल घोष यांनीही पुढे मुंबईत तबलावादक म्हणून लौकिक मिळविला आणि १९५६ मध्ये संगीत शिक्षणासाठी अरुण संगीतालय ही संस्था स्थापन केली.

परंतु चित्रपटाचे काम म्हणजे वेळेशी शर्यत. गाणे तीन मिनिटांचे; त्यात बासरीच्या वाट्याला दोन ओळींमधली एखादी फिरत येणार. जी लांब बासरी त्यांनी तासभर चालणाऱ्या विलंबित ख्यालासाठी घडविली होती, तिला या घाईत श्वास घ्यायलाही सवड नव्हती. आपण ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते बाजूलाच राहते आहे, ही जाणीव पन्नालालांना स्वस्थ बसू देईना. नाव मिळवून बसलेल्या माणसाला अशा वेळी दोन वाटा दिसतात. एक वाट मिळालेल्या यशाची, सपाट आणि सुखाची. दुसरी पुन्हा विद्यार्थी होण्याची.

१९४७ साली, छत्तीस वर्षांचे असताना, पन्नालालांनी मैहरच्या उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांचे शिष्यत्व पत्करले. अल्लाउद्दीन खाँ हेही मूळचे पूर्व बंगालचेच. सरोद हे त्यांचे मुख्य वाद्य, पण अनेक वाद्यांवर त्यांचे प्रभुत्व होते. त्यांचे पुत्र अली अकबर खाँ, कन्या अन्नपूर्णा देवी आणि सतारवादक रविशंकर हे सारे त्यांच्याच तालमीत घडले होते. त्यांच्या शिस्तीचा धाक विलक्षण होता. त्यांच्यापुढे बसणाऱ्याला पूर्वीचे नाव, वय आणि पैसा हे सारे दाराबाहेर ठेवावे लागे. पन्नालालांनी ते ठेवले. मैहरला राहून त्यांनी कसून तालीम घेतली. गुरू गाऊन दाखवीत आणि शिष्याने ते आपल्या वाद्यात उतरवावे, अशी तेथील रीत होती. रागाचा आलाप मंद्रापासून कसा उभारावा, एकेका स्वराला त्याचे स्थान मिळेपर्यंत पुढे कसे जाऊ नये, हे तेथे त्यांच्या अंगी मुरले.

मैहरनंतरचे पन्नालाल निराळेच होते, असे त्यांच्या तेव्हाच्या ध्वनिमुद्रिका ऐकताना वाटते. मैफलीत ते गवयाप्रमाणे विलंबित ख्याल वाजवीत. आलापात घाई नाही. तान घेतली तरी ती दाखविण्यासाठी नाही. यमन, मारवा, श्री, दरबारी हे राग बासरीवर एवढ्या भारदस्तपणे ऐकण्याची श्रोत्यांना सवय नव्हती. ज्या वाद्याकडे कालपर्यंत साथीचे वाद्य म्हणून पाहिले जाई, त्याच्या मागे आता तबला साथीला बसू लागला आणि तंबोरे झंकारू लागले. ठुमरी आणि लोकधुनाही ते वाजवीत. बारिसालच्या नदीकाठची आठवण त्यांतून डोकावल्यावाचून राहत नसे. दीपावली, चंद्रमौली, नूपुरध्वनी असे काही नवे रागही त्यांनी रचले. स्वभावाने ते भाविक होते. रामकृष्ण परमहंसांच्या संप्रदायावर त्यांची निष्ठा होती आणि संगीताकडेही ते उपासना म्हणूनच पाहत.

मुंबईत त्यांच्याकडे शिष्य येऊ लागले. त्यांपैकी देवेंद्र मुर्डेश्वर हे पुढे त्यांचे जावईही झाले. ही बासरी शिकू पाहणाऱ्याला पहिल्या दिवसापासून लांब अंतरावर बोटे पसरण्याचे कष्ट पडत. मनगट दुखे, बोटे आखडत, आणि कित्येक दिवस धड स्वरही निघत नसे.

१९५६ साली पन्नालालांनी दिल्लीच्या आकाशवाणी केंद्रात वाद्यवृंदाचे संचालक म्हणून काम स्वीकारले. हा राष्ट्रीय वाद्यवृंद १९५२ मध्ये रविशंकर यांनी उभा केला होता. सतार, सरोद, सारंगी, बासरी, तबला अशा भारतीय वाद्यांचा मेळ घालून त्यासाठी नव्या रचना करणे हे काम सोपे नव्हते. आपल्याकडील प्रत्येक वादक मैफलीचा राजा. दहा राजांना एका सुरात बसविणे म्हणजे काय, याची कल्पना करा. तरीही पन्नालालांनी ‘कलिंगविजय’, ‘ज्योतिर्मय अमिताभ’ यांसारख्या रचना तेथे सिद्ध केल्या.

दिल्लीतील ही कारकीर्द फार काळ चालावयाची नव्हती. २० एप्रिल १९६० रोजी हृदयविकाराच्या झटक्याने पन्नालाल घोष यांचे निधन झाले. त्यांच्या वयाला अद्याप एकोणपन्नास वर्षेही पुरी झाली नव्हती. ज्या छातीने जन्मभर श्वास पुरविला, तिनेच असा अवेळी दगा दिला.

त्यांच्या वादनाच्या ज्या तबकड्या आहेत, त्यांतील कित्येक जुन्या, एका बाजूला सुमारे तीन मिनिटे चालणाऱ्या आहेत. एवढ्या अवधीत विलंबित ख्यालाचा पसारा मावणार कसा? त्यांनी मैफलीत केलेल्या विस्ताराचा बराचसा भाग ऐकणाऱ्यांबरोबरच गेला. थोड्या लांब ध्वनिमुद्रिका सुदैवाने शिल्लक आहेत. त्यांतील यमन ऐकताना मध्यमावरून पंचमावर जाणारा स्वर लक्ष देऊन ऐकावा. कोठेही फट दिसत नाही.

लांब बासरी त्यांच्यानंतर सर्वांचीच झाली. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासारख्या पुढच्या पिढीच्या थोर वादकांनी तिला जगभर नेले आणि आज उत्तर हिंदुस्थानी संगीत शिकणारा बासरीचा विद्यार्थी हाती घेतो ती याच कुळातली मोठी बासरी. सातव्या छिद्राचे मात्र तसे झाले नाही. पुष्कळ वादक सहा छिद्रांवरच आपला मार्ग काढतात, आणि तोही उत्तम काढतात. परंतु पन्नालालांच्या परंपरेतील वादक आपल्या बासरीला ते सातवे छिद्र आवर्जून पाडून घेतात. सहा छिद्रे एका रेषेत असतात आणि हे एकटे थोडे बाजूला सरलेले, नेमके तेथे, जेथवर ताणलेली करंगळी मोठ्या कष्टाने पोहोचते.